रिठदचा तिरपा ठ

माझ्या धंद्यातलं सगळ्यात दगाबाज अक्षर कोणतं, असं कुणी विचारलं तर मी विचार न करता सांगेन: ठ.

बाजारात धान्याच्या पोत्यावर काळ्या रंगात जे नाव दिसतं, ते कुणी ब्रशने लिहिलेलं नसतं. जस्ताच्या पत्र्यात अक्षरं कापून आरपार भोकं पाडलेली असतात. तो पत्रा पोत्यावर दाबून धरायचा, वरून रंगात बुडवलेला फडक्याचा बोळा फिरवायचा आणि पत्रा उचलायचा. खाली नाव उमटलेलं असतं. या पत्र्याला आम्ही छापा म्हणतो. रिसोडला बाजाराच्या रस्त्यावर माझं दुकान आहे आणि आयुष्यभर मी हे छापे कापले.

आता ठ कापून बघा. छिन्नीने गोल फिरवून आणला की मधला तुकडा टपकन खाली पडतो. पत्र्यात नुसतं भोक राहतं आणि पोत्यावर उमटतो काळा लाडू. म्हणून त्या मधल्या तुकड्याला बाहेरच्या पत्र्याशी बांधून ठेवायला दोन ठिकाणी अरुंद पट्ट्या सोडाव्या लागतात. त्याला आम्ही पूल म्हणतो. छाप्याची अक्षरं मध्ये मध्ये तुटल्यासारखी दिसतात ती या पुलांमुळे. लोकांना वाटतं तो नखरा आहे. नखरा नाही, ते अक्षराचं हाड आहे.

मी हे काम शिकलो ते कारंज्याच्या एका उस्तादांकडे. कापसाच्या गाठींवर नंबर टाकायचे छापे ते कापत. बोलायचे कमी, पण माझा पहिला ठ पाहून ते म्हणाले होते, "अक्षर तो हर कोई काट लेता है. पूल बांधना आना चाहिए." त्यांची अक्षरं सरळ उभी असत, कवायतीला उभ्या केलेल्या शिपायांसारखी. मीही बरीच वर्षं तशीच कापली.

तिरपं अक्षर माझ्याकडे आलं ते एका गिऱ्हाइकाच्या हट्टामुळे. सखाराम नावाचा एक ट्रॉलीवाला होता. त्याला ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना गावाचं नाव छापून हवं होतं. मी नमुना दाखवला, तर म्हणाला, "हे तं उभंच हाये."

"मंग अक्षर काय झोपलेलं पायजे?"

"तसं नाई, पेंटरभाऊ. असं पायजे का ट्राली उभी असली तरी पयून राह्यली असं वाटलं पायजे."

मी दोन दिवस कागदावर गिरवत बसलो. पहिल्या वेळी चूक केली. अक्षरांसोबत वरची शिरोरेषाही तिरपी केली. सखाराम बघून म्हणाला, "आता हे घाट उतरून राह्यलं." मग लक्षात आलं की रेघ सपाटच ठेवायची, आणि तिला लटकलेलं अक्षर तेवढं पुढे झुकवायचं. दोन बोटं जाड दांडे केले, म्हणजे लांबून दिसतील. पूलही दांड्याच्या कलाने तिरपे सोडले, कारण तिरप्या अक्षरात सरळ पूल सोडला की तो मोडक्या दातासारखा दिसतो. रंग लावून पत्रा उचलला तेव्हा मी स्वतःच चार पावलं मागे सरलो. उभ्या ट्रॉलीवरचं नाव खरोखर निघाल्यासारखं दिसत होतं. सखाराम ट्रॉलीला फेरी मारून आला, पुन्हा फेरी मारली, आणि म्हणाला, "आता बैल असते तं बिचकले असते."

त्यानंतर ते जाड, तिरपं, तुटक अक्षर म्हणजे माझी ओळख झाली. पाण्याचे टँकर, मंगल कार्यालयाच्या खुर्च्या, भजनी मंडळाची पेटी, पोहरादेवीच्या यात्रेत पिण्याच्या पाण्याचे पिंप, सगळीकडे ते गेलं. पुढे फ्लेक्स आलं. दुकानांच्या पाट्या लिहिणारे माझे सगळे सोबती दोन-तीन वर्षांत घरी बसले. कुणी किराणा टाकला, कुणी लेकाकडे पुण्याला गेला. एवढे चांगले हात होते, त्यांना कुणी विचारेनासं झालं, याची हळहळ मला आजही वाटते. मी टिकलो, पण त्यात माझी काही हुशारी नाही. फ्लेक्स पोत्याला चिकटत नाही, एवढंच.

नाव छापून दिलं म्हणजे ते कुठं कुठं जाईल हे आपल्या हातात राहत नाही, हे मला एका भाजीवाल्याने शिकवलं. वाशिमजवळ त्यांचा मळा होता, वांगी-टमाटे करायचे. त्यांचे क्रेट बाजारातून चोरीला जात, म्हणून त्यांनी माझ्याकडून सगळ्या क्रेटवर नाव छापून घेतलं, अगदी मोठं. महिनाभराने आले. मी विचारलं, "थांबली का चोरी?"

"नाई ना बापा. चोरानं क्रेट नेले अन् त्यात सोताचा माल भरून इकला. अन् लोक मले म्हनते, माधवराव, यंदा तुमचे वांगे लय कडू निंगाले!"

तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. पुढे तीच गोष्ट माझ्यावर आली तेव्हा हसू आलं नाही.

वच्छलाबाई रिठदच्या. पन्नाशीच्या, उंच, बोलण्यात सरळसोट. गावातल्या अकरा बायांचा त्यांनी गट केला होता. या बाया सोयाबीनचं घरचं बियाणं राखत: चांगलं शेत निवडायचं, त्यातलं दाणेदार पीक वेगळं मळायचं, निवडायचं, उगवण तपासायची आणि पेरणीच्या आधी शेतकऱ्यांना द्यायचं. सहा वर्षांपूर्वी त्या पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा त्यांनी नाव सांगायच्या आधी मला बियाणं समजावून सांगितलं.

"पेंटरभाऊ, सोयाबीनचं बी म्हंजे तान्ह्या लेकराच्या डोक्यावरची टायू. वरून पोतं आपटलं का आत जीव जाते. दिसाले बी तसंच दिसते, पन उगोत नाई. म्हून खाली ‘आपटू नका’ असं लिहा. हमाल अडाणी असला तरी त्याले समजलं पायजे असं लिहा."

"अन् वरतं गटाचं नाव?"

"नाव नको. गावाचंच टाका. रिठद."

म्हणजे आलाच ठ. मी तिरपं, जाड ‘रिठद’ कापलं आणि खाली लहान अक्षरात ‘आपटू नका’. बायांनी स्वतःच्या हातांनी पोती छापली. उन्हात वाळत घातलेल्या पोत्यांच्या रांगा पाहून मला वाटलं, हे अक्षर कापल्याचं सार्थक झालं.

तिसऱ्या हंगामात बोळा जोरात घासून ठच्या खालच्या बाजूचा पूल तुटला. मी पितळेची पट्टी ठेवून कथलाचा डाग दिला. पट्टी जरा रुंद बसली. तेव्हापासून उमटणाऱ्या प्रत्येक ठच्या गालावर मस असल्यासारखा एक जाड ठिपका कोरा राहू लागला. मला तो खुपायचा. वच्छलाबाई म्हणायच्या, "राहू द्या. नजर नाई लागनार." तरीही तीन वर्षांपूर्वी पाडव्याच्या सुमाराला मी जाड पत्र्याचा नवा छापा कापून दिला. मस गेला. त्या हंगामाची सगळी पोती नव्या छाप्याने निघाली. जुना छापा कुठे गेला, याकडे मी लक्ष दिलं नाही. मोठी चूक माझी तिथेच झाली.

त्याच वर्षी आषाढ लागता लागता एके दुपारी वच्छलाबाई दुकानात आल्या. त्यांच्यामागे तीन अनोळखी माणसं होती, धनजकडची. पुढचे किसनराव, साठीचे, डोक्याला रुमाल, डोळे लाल. त्यांनी एक रिकामं पोतं माझ्या फळीवर आपटलं.

वच्छलाबाईंचा आवाज बसला होता. त्यांनी विचारलं, "पेंटरभाऊ, हे अक्षर तुमचं हाये का?"

पोत्यावर जाड तिरपं ‘रिठद’ होतं. मी वाकून पाहिलंही नाही. पन्नास पावलांवरून ओळखू येणारं अक्षर. छाती फुगवून म्हणालो, "मग! दुसऱ्या कोनाचं असन?"

"झालं तं मंग," किसनराव म्हणाले. "आता बोलनंच सरलं. बाई म्हनून राह्यल्या का हे पोतं आमचं नाई. अन् कापनारा म्हनते अक्षर माह्यंच."

मग हकीकत समजली. धनजच्या बाजारात एक गाडी आली होती. ‘रिठदचं बियाणं’ म्हणून पोती विकली. रिठदच्या बायांच्या बियाण्याचं नाव तिथपर्यंत पोचलं होतं, म्हणून लोकांनी पावतीसुद्धा न मागता घेतलं. पेरलं. दहा दिवस झाले, वीसेक घरांची शेतं कोरी. मधूनच एखादं रोप. बाकी माती उकरली की सडका दाणा.

"आमी धनजले गाडी पाठोलीच नाई," वच्छलाबाई म्हणाल्या.

"मंग हे नाव का आभायातून पडलं?" किसनराव म्हणाले. "अजून आठ-दहा दिवस हायेत. तेवढ्यात दुबार पेरलं तं पेरलं, नाईतं वरीस गेलं. सरकारकडे अर्ज देल्ला हाये. सायेब लोक येऊन राह्यले परवा."

वच्छलाबाईंनी सांगितलं, "आमच्या खोलीत राखीव बी पडून हाये. घेऊन जा, पेरा. मंग कोन खरं, कोन खोटं, ते पाहू."

किसनराव पोत्याकडे बोट दाखवून म्हणाले, "या नावाचं बी मी पुन्हा वावरात टाकीन असं वाटते काय तुमाले?"

सगळे गेले. पोतं तिथेच राहिलं. आणि आता, चार लोकांसमोर छाती फुगवून झाल्यावर, मी चष्मा लावून ते पोतं नीट पाहिलं. ठच्या गालावर मस होता.

त्या वर्षीच्या पोत्यांवर मस नव्हता. म्हणजे हे पोतं नव्या छाप्याचं नव्हतं. बाया खऱ्या होत्या. पण मग जुना छापा कुणाच्या तरी हातात गेला होता. आणि तो मी बायांना परत दिला होता की दुकानातच ठेवून घेतला होता, ते मला आठवेना.

घरातलं, दुकानातलं सगळं उपसलं. रद्दी पत्रे चैत्रात मी भंगारवाल्याला दिले होते. त्याच्याकडे धावलो. तो म्हणाला, "काका, तो माल तर कधीच गेला. वितळला पन असन." की वितळायच्या आधीच कुणी त्यातून उचलला? बायकोने ताट वाढलं, ते तसंच राहिलं. सारं आयुष्य मी अभिमानाने सांगत आलो की माझं अक्षर म्हणजे माझी जबान. आणि बेपर्वाईने मी ती जबान भंगारात विकली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच रिठदला गेलो. बियाण्याच्या खोलीपुढे अकराही बाया बसल्या होत्या. गावातले दोघे-तिघे लांब उभे राहून पाहत होते, आणि त्यांच्या नजरा चांगल्या नव्हत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "ताई, चूक माझी हाये. जुना छापा माझ्याकडून भंगारात गेला असावा. उद्या साहेबांपुढे मी तसं लिहून देतो. तुमच्यावर येऊ देत नाही."

वच्छलाबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "तुमी लिहून देसान. पन किसनरावचं वावर त्यानं भरन काय? अन् आमचं नाव?"

तेवढ्यात मागून कांताबाई म्हणाल्या, "कोनता छापा म्हनून राह्यले तुमी?" कांताबाई गटातल्या सगळ्यात गप्प. खोलीची झाडलोट, उंदीर-घुशींचा बंदोबस्त त्यांच्याकडे.

"जुना. ठवर डाग देलेला."

"अवं, थो तं मोरीत हाये!"

कुणाला काही कळेना. त्या उठल्या आणि आम्हाला खोलीच्या मागच्या बाजूला घेऊन गेल्या. तिथे पोती धुवायची मोरी होती. तिच्या तोंडातून उंदीर आत शिरत, म्हणून पाडव्याला मोरी नव्याने बांधताना त्यांनी गवंड्याला जुना छापा दिला होता. पाणी जायला भोकं तयार, उंदराला वाट नाही. छापा मोरीच्या तोंडाला चारही बाजूंनी सिमेंटात पक्का बसवला होता. बाजूच्या सिमेंटात ओलं असताना कुणीतरी बोटाने लिहिलं होतं: पाडवा.

मी तिथेच मोरीपाशी बसलो. पत्र्यावर शेवाळ चढलं होतं. बोटाने पुसलं, तसा ठ दिसला आणि त्याच्या गालावरची माझी पितळेची पट्टी. पाण्याने ती हिरवी झाली होती. देवळात इतक्या भक्तीने कधी बसलो नसेन.

"कांताबाई," मी म्हणालो, "तुमी मले वाचोलं."

"मी कायले? उंदराईनं वाचोलं," त्या म्हणाल्या, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा बाया हसल्या.

पण माझं डोकं चालू झालं होतं. छापा इथे होता, तर मग धनजच्या पोत्यावर मस आला कुठून? उत्तर एकच होतं. कुणीतरी आधीच्या हंगामातलं छापलेलं पोतं घेऊन, त्यावरून गिरवून नवा छापा कापला होता. ज्याला अक्षर समजत नाही त्याने मससुद्धा इमानदारीने गिरवला होता. आणि गिरवलेलं असेल तर एक गोष्ट लपणार नाही. ती गोष्ट मी तेव्हा कुणालाच सांगितली नाही. आधी स्वतःला खात्री हवी होती.

दुसऱ्या दिवशी चौकशीची माणसं आधी धनजला शेतं पाहून आली आणि दुपारी रिठदला पोचली. प्रमुख एक तरुण मॅडम होत्या, घाटाकडच्या, बोलणं शांत. किसनराव आणि त्यांच्या गावची माणसं एका जीपमध्ये आली होती. मी सोबत आणलेलं धनजचं पोतं मॅडमनी पाहिलं, वही काढली आणि मला विचारलं, "काका, तुम्ही हे अक्षर आपलं असल्याचं कबूल केलंय, असं हे म्हणतात."

"हो, म्हणालो होतो," मी म्हणालो. "न बघता म्हणालो होतो. आता बघून सांगतो. पण त्यासाठी तुम्हाला मोरीपाशी यावं लागेल. छापा उपटता येत नाही."

मॅडमनी चप्पल काढली, ओढणी खोचली आणि मोरीपाशी गुडघे टेकून बसल्या. त्यांच्याबरोबरचे लोक एकमेकांकडे बघत राहिले. मी आधी बायांकडचं जुनं, जुन्या छाप्याचं खरं पोतं मागितलं आणि ते मोरीच्या तोंडावर धरलं. छाप्यातलं भोक आणि पोत्यावरचं अक्षर, केसभर फरक सोडला तर काठाला काठ बसला. ठवर ठ, पुलावर पूल. मग धनजचं पोतं धरलं.

बसेना. अक्षराचा काळा काठ सगळीकडून भोकाच्या बाहेर आलेला, गव्हाच्या दाण्याएवढा. उलट पूल बारीक झालेले.

मॅडम म्हणाल्या, "पण काका, पोतं ताणलं गेलं असेल तर अक्षर मोठं दिसणार नाही का?"

चांगला प्रश्न होता. मला बरं वाटलं. "ताणलं तर एकीकडे वाढेल, दुसरीकडे आखडेल," मी सांगितलं. "आणि ताणलं तर पूलही रुंद होतील. इथे अक्षर चारी बाजूंनी सुजलं आणि पूल वाळले. मॅडम, तागाच्या पोत्यावर रंग पसरतो. मी कापतो त्यापेक्षा छापलेलं अक्षर केसभर जाड असतं. त्या जाड अक्षरावरून कुणी गिरवलं आणि त्याचा छापा कापला, तर त्याचा रंग आणखी पसरतो. दोनदा सुजलेलं अक्षर आहे हे. आणि हे पूल पाहा, आगपेटीच्या काडीएवढे. इतका बारीक पूल जस्ताच्या पत्र्यात टिकत नाही, पहिल्या शंभर पोत्यांतच उचलला जाईल. हे प्लॅस्टिकच्या जाड कागदात कापलंय. असलं मी आयुष्यात कापलं नाही."

मग मी यंदाचं खरं पोतं समोर पसरलं. ठ स्वच्छ होता. मस नव्हता.

"यंदा आमच्याकडून निघालेल्या एकाही पोत्यावर हा डाग नाही. धनजच्या पोत्यावर आला, कारण चोराने जुनं पोतं गिरवलं. माझी चूकसुद्धा त्याने चोरली."

मग मॅडमनी किसनरावांना जवळ बोलावलं. ते मोठ्या कष्टाने वाकले, रुमाल सावरला, आणि एक एक पोतं स्वतः धरून पाहिलं. तिन्ही पोती, पुन्हा पुन्हा. त्यांची बोटं ठच्या काठावरून फिरत होती. शेतकऱ्याची बोटं, दाणा पोचट आहे की भरीव हे न बघता सांगणारी.

ते उठले आणि वच्छलाबाईंसमोर उभे राहिले. "बाई, मी तुमच्या दारात येऊन लय वंगाळ बोललो."

"तुमचं वावर गेलं होतं, भाऊ," वच्छलाबाई म्हणाल्या. "माह्यं गेलं असतं तं मी याहून वंगाळ बोलली असती."

"पोत्यावर तं आपटू नका असंबी लिहिलं होतं," किसनराव म्हणाले, "अन् त्या गाडीवाल्यानं आमच्या डोयादेखत वरून फेकले पोते. तवाच समजाले पायजे होतं."

त्या गाडीवाल्याचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. मॅडमनी अहवाल लिहिला, त्याच्या गोदामात प्लॅस्टिकचा छापा आणि बाजारातून भरलेलं साधं सोयाबीन सापडलं, आणि कायद्याने त्याला धरलं. त्याचं नाव मी लिहीत नाही. नाव छापून देण्याचा माझा धंदा आहे, पण त्याचं नाव माझ्या हातून निघू नये.

आम्हाला मात्र त्या दिवशी त्याच्यासाठी वेळ नव्हता. पेरणीचे मोजके दिवस उरले होते. बायांनी राखीव बियाण्याची खोली उघडली. मॅडमसमोरच ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवले. पण उगवण दिसायला चार दिवस लागणार होते आणि किसनराव थांबायला तयार नव्हते.

"मी पाह्यलं ना," ते म्हणाले. "भरा गाडीत."

गावातला एक टेम्पो आणला, त्यात पोती चढवताना गंमत झाली. जीपमधून आलेली माणसं, ज्यांनी दोन दिवसांपूर्वी शिव्या दिल्या होत्या, ती एक एक पोतं दोघं दोघं धरून, झोपलेलं मूल उचलावं तसं गाडीत ठेवत होती. कांताबाई बाजूला उभ्या राहून ओरडत होत्या, "हळू! हळू ठेवा!" माझ्या त्या तिरप्या अक्षरांतला ‘आपटू नका’ हा हुकूम इतक्या मनापासून पाळलेला मी कधी पाहिला नव्हता. गाडी निघाली तेव्हा मागच्या फळीवरून ‘रिठद, रिठद, रिठद’ असं दिसत होतं, आणि गावचे ते लांब उभे असलेले लोकही जवळ आले होते.

पाचव्या दिवशी ओल्या गोणपाटातले शंभरांतले अठ्ठ्याऐंशी दाणे मोडावले. वच्छलाबाईंनी ते दोनदा मोजले. आठव्या दिवशी किसनरावांचा फोन आला. "वावर पाहाले या. सगळे या. पेंटरलेबी आना."

आम्ही गेलो. अकरा बाया, मी आणि मॅडमही आल्या. किसनरावांच्या शेताच्या बांधावर अख्खं गाव जमलं होतं. काळ्या मातीत इकडून तिकडे हिरव्या ओळी निघाल्या होत्या, जाड पानांची जोडी वर काढून. खंड कुठेच नव्हता. किसनरावांच्या सुनेने बायांना कुंकू लावलं. किसनरावांनी स्वतः पायातल्या वहाणा काढल्या आणि वच्छलाबाईंना म्हणाले, "चाला बाई, वळीतून चाला. तुमचं हाये."

वच्छलाबाईंनीही चप्पल बांधावर ठेवली. रोपांना पाय लागू न देता त्या एका ओळीच्या शेवटापर्यंत गेल्या आणि दुसऱ्या ओळीने परत आल्या. त्यांचा चेहरा कधी कौतुकाने फुलत नाही, तेव्हाही फुलला नाही. फक्त डोळे पदराने पुसले, एकदाच, ऊन लागल्यासारखं करून. मागच्या बाया मात्र टाळ्या वाजवत होत्या आणि धनजच्या बायका त्यांना मिठ्या मारत होत्या.

मग बांधावरचं गाव वच्छलाबाईंभोवती गोळा झालं. पुढच्या साली मले दोन पोते ठेवजा, मले चार, माह्या भावाले तीन. शेजारच्या गावाचे लोकही त्यात होते. वच्छलाबाई सगळ्यांचं ऐकत होत्या, बोटांवर हिशेब करत होत्या. गर्दीतून त्यांनी मला शोधून काढलं.

"पेंटरभाऊ."

"हां, ताई."

"अजून दोन छापे कापा. एका छाप्यानं पुरनार नाई आता."

मी म्हणालो, "कापतो." आणि गाडीत बसलो तेव्हा मनात आधीच ठचे पूल मोजायला लागलो होतो.